मदत हवी आहे : कोकमाच्या झाडांसाठी कोणते मार्कर घ्यावेत?

सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीतल्या परसबागांमधून निवडलेल्या साठेक कोकम झाडांचा आमचा संग्रह आहे, आणि त्यात खरी जनुकीय विविधता किती व एकाच झाडाची कलमे वेगवेगळ्या नावांनी किती, हे डीएनए मार्करने (झाडाझाडांतला फरक दाखवणाऱ्या डीएनएमधल्या खुणांनी) तपासायचे आहे. फळाचा रंग, आकार आणि आंबटपणा यांवर भरवसा ठेवता येत नाही, कारण ते जमीन आणि पावसाप्रमाणे बदलतात. तुलनेसाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या ‘कोकण अमृता’ आणि ‘कोकण हातीस’ या जाती ठेवल्या आहेत.

पहिली अडचण डीएनएची. सीटॅब (पानांतून डीएनए काढायचे रसायन) पद्धतीने काढलेला डीएनए तपकिरी आणि शेंबडासारखा चिकट येतो, २६०/२३० गुणोत्तर (डीएनएच्या शुद्धतेचे माप) फार कमी भरते आणि पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवण्याची क्रिया) अडतो. कोवळी तांबूस पालवी घेऊन पीव्हीपी व मर्कॅप्टोइथेनॉल (डीएनए तपकिरी होऊ न देणारी रसायने) वाढवल्यास फरक पडतो का? जास्त मिठाच्या द्रावणाने चिकटा जातो असे म्हणतात. प्रमाण कोणी सांगेल का?

दुसरा प्रश्न मार्करच्या निवडीचा : आयएसएसआर की एसएसआर? दोन्ही प्रकार डीएनएतल्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या तुकड्यांवर आधारलेले आहेत. आयएसएसआर स्वस्त आहे आणि जीनोमची (झाडाच्या संपूर्ण डीएनएची) आधी माहिती लागत नाही, पण तो प्रभावी (डॉमिनंट) मार्कर असल्याने विषमयुग्मी झाड, म्हणजे एकाच जनुकाची दोन वेगळी रूपे असलेले झाड, ओळखता येत नाही. कोकमात बहुधा नर-मादी झाडे वेगळी, म्हणजे परपरागण मोठ्या प्रमाणावर; तिथे हीच माहिती मोलाची, आणि ती एसएसआरने मिळते, म्हणून माझा कल तिकडे आहे. कोकमाच्या गार्सिनिया वंशातल्या दुसऱ्या प्रजातींचे प्रायमर (पीसीआर सुरू करणारे डीएनएचे छोटे तुकडे) कोकमावर चालवून पाहिलेल्यांनी, किती चालले आणि किती बहुरूपी (झाडाझाडांत फरक दाखवणारे) निघाले, हे कृपया कळवावे.