कर्नल ६.८ नं डिस्क 'निम्मी' केली म्हणे! आधी काय मोजलं ते सांगा

वैशाखातला_पेंग्विन (परभणी)
"उबुंटू २४.०४ टाकू नका, कर्नल ६.८ नं फाइल सिस्टीम निम्म्यावर आणली," अशी जालन्याच्या भाऊंची पोस्ट परवा इथं पडली. (उबुंटू ही लिनक्सची एक जात, कर्नल तिचा गाभा, फाइल सिस्टीम म्हणजे डिस्कवर फाइल मांडायची पद्धत.) खाली वेगाचा दोन खांबांचा आलेख. जुन्या २२.०४ चं ५.१५ उंच, ६.८ बुटका. लगेच लोकांनी अपडेट थांबवलं, म्हणून लिहायलोय.

भाऊ, १६ जीबी रॅमच्या मशीनवर ४ जीबीची फाइल डीडी या कॉपी करायच्या कमांडनं लिहून तुम्ही रॅम मोजली. शेवटी एफसिंक (डिस्कवर लिहून होईस्तोवर थांबायचा हुकूम) नाही, म्हणजे माल डिस्कवर पोचायच्या आधीच डीडी "झालं" म्हणून मोकळं. त्यात जुनी सिस्टीम पहिल्या पार्टिशनवर (डिस्कच्या भागावर), नवी शेवटच्या. फिरत्या हार्डडिस्कची बाहेरची कड जलद, आतली संथ. आत जाईपर्यंत वेग जवळपास निम्मा होतो. त्याला कर्नल काय करणार? वर फॉरमॅट केल्या केल्या चाचणी लावली. एक्स्ट४ (लिनक्सची नेहमीची फाइल सिस्टीम) फॉरमॅटच्या वेळी आयनोड टेबल (फाइलच्या नोंदींचा तक्ता) पुरतं पुसत नाही, माउंट झाल्यावर (वापराला जोडल्यावर) गुपचूप पुसत बसतं. डिस्क कोण वापरतंय ते दाखवणारं आयोटॉप उघडलं असतं तर 'एक्स्ट४लेझीइनिट' डिस्कवर बसलेलं दिसलं असतं.

खरंच कर्नल तोलायचे तर २२.०४ वरच एचडब्ल्यूईमधून (जुन्या उबुंटूला नवं कर्नल द्यायची सोय) ६.८ घ्या. पार्टिशन तेच, माउंट तेच, ग्रबमधून (मशीन सुरू होतानाच्या यादीतून) फक्त कर्नल बदला. दर वेळी ड्रॉप_कॅशेसमध्ये ३ टाका, म्हणजे कॅशे (रॅममध्ये राहिलेला फाइलींचा माल) रिकामी होईल. अन् एकदा मोजून आलेख काढू नका, आकडा किती हलतो तेही दाखवा.

सळई_मार्केट (जालना)
आलं विद्यापीठ! दादा, माझा फोटो स्टुडिओ आहे, प्रयोगशाळा नाही. लग्नसराईत गिऱ्हाईक समोर बसून असतं. रोजच्या कामात कॅशे असतीच की. ती काढून तुम्ही जे मोजता तसं कुणाचं काम चालतं? फोल्डर उघडलं की थंबनेल यायला आधीपेक्षा वेळ लागायलाय. डोळ्यांना दिसायलंय.

गोदाकाठ_रूट (नांदेड)
कॅशेचं भाऊ बरोबर बोलायलेत, आलेख मात्र भंगारात घाला. थंबनेल म्हणजे हजारो बारक्या फाइल: उघडा (ओपन), माहिती बघा (स्टॅट), मिटा (क्लोज). फाइल कॅशेत असल्या तर तिथं डिस्कपेक्षा सिस्टीम कॉल (प्रोग्रामनं कर्नलला सांगितलेलं काम) महाग पडतो. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन ही प्रोसेसरमधली फट उघड झाली, म्हणून कर्नल ४.१५ मध्ये कर्नलचे पेज टेबल (मेमरीचे नकाशे) वेगळे केले, अन् ज्या प्रोसेसरला ते लागू त्यावर प्रत्येक कॉलला दंड बसला. जुलै २०२२ ला रेटब्लीड, तसलीच दुसरी फट. स्कायलेक पिढीच्या काळातल्या इंटेल प्रोसेसरला तिचा पॅच चांगलाच झोंबला. तुमचं ५.१५ टाकल्यापासून अपडेटच केलं नसेल तर हा पॅच त्यात नाही, ६.८ मध्ये आहे. मंद झालाय प्रोसेसर. एलएससीपीयू या प्रोसेसरची माहिती देणाऱ्या कमांडच्या शेवटच्या ओळी टाका इथं.

सळई_मार्केट (जालना)
म्हणजे मंद झालंच ना? कशानं झालं ते तुम्ही दोघं वाटून घ्या.

लातूरचा_मामा
वेग वेग काय लावलंय पोरांनो? लाइट गेल्यावर फाइल राहते का, ते कोण मोजणार? एक्स्ट४ च्या आधीच्या एक्स्ट३ ला मूळ कर्नलात ३.१ येईपर्यंत बॅरिअर (आधीचं डिस्कवर पक्कं लिहून मगच पुढं जायचा नियम) बंदच असायचं, म्हणून ते पळतं वाटायचं. एक्स्ट४ नं ते चालू ठेवलं तर "मंद मंद" म्हणून बोंब. आमच्या तालुक्यातल्या एका पतसंस्थेत कुण्या हुशारानं 'नोबॅरिअर' लावलं. एंट्री फटाफट पडायल्या, सगळे खूश. एका संध्याकाळी डीपी उडाला. दुसऱ्या दिवशी खात्यांची फाइल उघडंचना, अन् बाया पासबुकं घेऊन दारात उभ्या.

गोदाकाठ_रूट (नांदेड)
मामा, पतसंस्थेत इन्व्हर्टर नव्हता का?

लातूरचा_मामा
होता की. मागचं बटन 'इको'वर होतं. लाइट गेली की पंखा चालू राहतो, कॉम्प्युटर मात्र बंद पडून पुन्हा सुरू होतो. ते 'यूपीएस'वर लागतं, हे विकणारा सांगत नाही.

सळई_मार्केट (जालना)
हे खरं कामाचं बोललात! माझंही 'इको'वरच निघालं.

वैशाखातला_पेंग्विन (परभणी)
विषय कर्नलचा होता.

मोंढा_टर्मिनल (बीड)
इन्व्हर्टरच्या भरवशावर राहू नका, ऑनलाइन यूपीएस घ्या. लाइट गेल्यावर बॅटरीवर जायला त्याला वेळच लागत नाही.

लातूरचा_मामा
घ्या की. बॅटऱ्यांचे पैसे तुम्ही देणार का? बारा-बारा तास लाइट नसती तेव्हा तुमचं ऑनलाइन किती टिकतंय ते सांगा.

मोंढा_टर्मिनल (बीड)
तुमच्याकडं बारा तास लाइट नाही अन् तुम्ही बॅरिअर शिकवायलाव! जनरेटर घ्या मग.

वैशाखातला_पेंग्विन (परभणी)
अहो मी एवढं लिहिलं त्यावर कुणी एक ओळ तरी बोला. मोंढासाहेब, वेगळा धागा काढा की.

सळई_मार्केट (जालना)
बोलतो. तुमच्या सांगण्याप्रमाणं ग्रबमधून दोन्ही कर्नल चालवले. मोठ्या फाइलला फरक कळंना. बारक्या फाइलला ६.८ अजूनही मागंच आहे, पण निम्मं नाही. एलएससीपीयूत रेटब्लीडसमोर पॅच लागलेला दिसतो. नांदेडकर, तुम्ही जिंकलात, पेढे न्या. आलेख काढणार नाही, फक्त 'निम्म्यावर'चं 'थोडी मंद' करतो. चालंल का महाराज?

वैशाखातला_पेंग्विन (परभणी)
चालंल. दुपारी मोजलं का पहाटे? मे महिन्यात बेचाळीस अंशात लॅपटॉप आपोआप प्रोसेसरचं घड्याळ (वेग) उतरवतो. लागोपाठच्या दोन चाचण्यांत दुसरी नेहमी हरते. क्रम उलटा करून बघा, आधी ६.८.

सळई_मार्केट (जालना)
आता मी कूलरसमोर बसून चाचणी करू काय? गिऱ्हाईक आलंय. मामा, ट्यूब्युलर बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर किती महिन्यांनी बघायचं?