बकरीच्या मांडीवर मोठी जखम, अळ्या पडल्या, काय करू?

हिंगणा_रोडवाला:
नमस्कार मंडळी, घरी चार बकऱ्या आहेत. त्यातली दोन पिल्लांची माय तीन दिवसांआधी सकाळी गोठ्यामागे लंगडत सापडली, मागच्या मांडीवर तळहाताएवढी जखम. वाटलं कुंपणाच्या तारेत अडकली असेल म्हणून हळद-तेल लावून वरून फडकं घट्ट बांधून दिलं. आज सोडलं तं असा वास आला की बायको तोंड दाबून बाहेर पळाली, आत अळ्या वळवळून राहिल्या. पोळा नुकताच झाला, पाऊस थांबून थांबून येते आणि माश्यांचं तर विचारूच नका. शेजारी म्हणते फिनाईल ओत, दुसरा म्हणते डांबरगोळी कुटून भर. दवाखान्यात दोनदा जाऊन आलो, डॉक्टर काही भेटले नाही. खाते पण कमी. वाचेल का?

उमरेडची_काकू:
वाचेल रे बाबा, जखमा भरायला बकरी मोठी चिवट असते. पण फडकं पुन्हा घट्ट बांधू नको, आत ओल आणि ऊब राहिली की अळ्यांची मजाच मजा. फिनाईल, डांबरगोळी, पेट्रोल काही टाकू नको, अळ्या मरतील पण मांसही जळते आणि ते विष अंगात भिनते. मेडिकलमधून टर्पेन्टाईन आण. आधी जखमेभोवतीचे केस कातरून टाक, माश्या त्या ओल्या केसांतच अंडी घालतात, तांदळाच्या कणीसारखे पांढरे पुंजके दिसतील, तेही काढ. मग टर्पेन्टाईनमध्ये भिजवलेला कापूस दहा मिनिटं जखमेवर ठेव. अळीचं श्वास घ्यायचं भोक शेपटाकडे असते, त्यामुळे गुदमरून त्या वर येतात, तेव्हा चिमट्याने एक-एक धर. कापूस तसाच विसरून जाऊ नको, ते पण भाजते. नंतर उकळून कोमट केलेलं मिठाचं पाणी, लिटरला 9 ग्रॅम मीठ, मोठ्या सिरिंजने आतपर्यंत मार आणि बीटाडीन लाव. अळ्या जमिनीवर टाकू नको, पुन्हा माश्या होतात.

आणि हे एकदा करून होत नाही. आज तुला वाटेल सगळ्या निघाल्या, उद्या खालच्या पोकळीतून आणखी दहा डोकं काढतील. एका जातीच्या माशीच्या अळ्या तर जिवंत मांस खात आत बोगदा करतात. चार-पाच दिवस रोज बघ.

काटोल_संत्रा:
आमच्या आजोबांनी पेट्रोलच टाकलं होतं नं, बैल ठणठणीत झाला होता. उगाच घाबरवता 😄

उमरेडची_काकू:
बैल केवढा, बकरी केवढी! आणि जे मेले त्यांच्या गोष्टी आजोबा सांगत नसतात.

सेमिनरी_हिल्सचा_जुना:
दोन मिनिटं थांबा. हिंगणावाले भाऊ, तार लागली तर चीर पडते. जखमेच्या आजूबाजूला लहान भोकं आहेत का, मांडीच्या आतल्या बाजूनेही? फोटो नको, नीट बघून सांगा.

हिंगणा_रोडवाला:
आहेत, आतून दोन आणि वरती एक. रात्री कुत्रे लय भुंकत होते. बापरे.

सेमिनरी_हिल्सचा_जुना:
मग हा कुत्र्याचा चावा असू शकते आणि अळ्यांपेक्षा ती काळजी मोठी आहे. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा, तीन दिवस झाले तरी धुवा, आणि हातमोजे घाला. टाके घालायचे नाही. आजच रेबीजच्या लशी सुरू करा, साधारण पहिला डोस शून्य दिवस धरून मग 3, 7, 14 आणि 28 व्या दिवशी असतात, धनुर्वाताचं इंजेक्शनही विचारा, बकरीला तो लवकर होते. अँटिबायोटिक आणि अळ्यांसाठीचं आयव्हरमेक्टिन वजन पाहून डॉक्टरच देतील. 1962 ला फोन लावा, फिरतं पथक येते, नाही तर ऑटोत टाकून नागपूरला सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय कॉलेजात आणा, तिथे दवाखाना आहे. कच्चं दूध कोणी पिऊ नका, पिल्लांचं काय करायचं तेही तिथेच विचारा. तुम्ही उघड्या हातांनी जखम धुतली असेल, हाताला चीर असेल, तर स्वतःही मेयो किंवा मेडिकल कॉलेजच्या सरकारी दवाखान्यात दाखवा. हे टाळू नका.

हिंगणा_रोडवाला:
माझ्या बोटाला कापलेलंच होतं. निघतो.

उमरेडची_काकू:
माझ्या तर डोक्यातच आलं नाही कुत्र्याचं. भाऊ, बरं विचारलं तुम्ही. गोठ्यात मच्छरदाणी टांगून दे, माझ्या दोन बकऱ्या अशाच निघाल्या भादव्यातून. जखमेच्या काठाला कडुनिंबाचं तेल लाव, आत नको. लेंड्या रोज उचल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीत ओरडलो "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" पण माश्या काही घेऊन गेली नाही ती.

हिंगणा_रोडवाला:
सहावा दिवस. कॉलेजात नेलं, त्यांनी आतल्या पोकळीतून वाटीभर अळ्या काढल्या, मला वाटलं होतं मी सगळ्या काढल्या. तिची दुसरी लस झाली, माझीपण सुरू आहे. आता वास नाही, जखम लाल-लाल दिसते, डॉक्टर म्हणाले हेच पाहिजे होतं. लेकीने तिची गुलाबी मच्छरदाणी दिली, बकरीने एक कोपरा खाल्ला.