मराठी माध्यमाच्या शाळेसाठी मोफत ऑनलाइन साहित्य कुठे मिळेल? (बडोदे)

दांडियाबाजार_शिक्षिका यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. बडोद्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी सहावी ते आठवीला मराठी आणि सामाजिक विज्ञान शिकवते. शाळेला स्वतंत्र ग्रंथपाल नसल्यामुळे ग्रंथालयाचे कामही माझ्याकडेच आहे. कपाटांत पुस्तके पुष्कळ आहेत, पण ती बहुतेक देणगीतून आलेली आणि मोठ्यांसाठीची आहेत. मुलांनी आपणहून हाती घ्यावीत अशी फारच थोडी, आणि नव्या खरेदीसाठी पैसा जवळजवळ नाहीच.

आमची अडचण थोडी वेगळी आहे. आम्ही गुजरात राज्याचा अभ्यासक्रम मराठीतून शिकवतो. त्यामुळे महाराष्ट्रात तयार झालेले साहित्य भाषेने जुळते पण धड्यांच्या क्रमाने जुळत नाही, आणि गुजरातमध्ये तयार झालेले धड्यांशी जुळते पण ते बहुतांशी गुजरातीत असते. शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर 'शंभर उपयुक्त संकेतस्थळे' अशा याद्या सतत येत असतात. त्यांतले निम्मे दुवे उघडत नाहीत, आणि काही ठिकाणी तिसऱ्या पानावर पैसे मागितले जातात.

मला तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. खरोखर मोफत आणि मराठीत काय आहे? त्यातले काय छापून ग्रंथालयात ठेवले तर चालते? आणि शाळेत एकच संगणक, एक प्रोजेक्टर आणि अधूनमधून येणारे इंटरनेट असताना ते वापरायचे कसे?

मांजलपूर_ग्रंथपाल

ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर मिळाले की पहिल्याचे निम्मे आपोआप मिळते. जे साहित्य पाहायला मोफत आहे ते छापायला आणि वाटायलाही मोकळे असतेच असे नाही. संकेतस्थळावर गेल्यावर सर्वांत आधी खाली परवाना काय लिहिला आहे ते पाहावे. क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना असेल तर त्यात काय करता येते आणि काय नाही हे स्पष्ट सांगितलेले असते. काहीच लिहिलेले नसेल तर हक्क राखीव आहेत असेच धरावे.

या कसोटीला सर्वांत चांगले उतरते ते प्रथम बुक्स या प्रकाशनसंस्थेचे मुलांच्या गोष्टींचे संकेतस्थळ 'स्टोरीविव्हर'. २०१५ च्या साक्षरता दिनी, म्हणजे ८ सप्टेंबरला ते सुरू झाले. त्यावरील गोष्टी प्रामुख्याने 'सीसी बाय ४.०' या क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आहेत. लेखक, चित्रकार आणि प्रकाशक यांचा उल्लेख कायम ठेवला की त्या उतरवून घ्या, छापा, शिवून पुस्तक करा, वाटा. कोणाची परवानगी मागावी लागत नाही. मराठी गोष्टी भरपूर आहेत आणि त्या वाचनाच्या चार पातळ्यांत विभागलेल्या आहेत. एक सूचना मात्र आवर्जून करतो. तुमची मुले सहावी ते आठवीची असली तरी सुरुवात दुसऱ्या पातळीपासून करा. घरी मराठी, रस्त्यावर गुजराती आणि दूरदर्शनवर हिंदी अशा वातावरणातल्या मुलांचा मराठी वाचनाचा वेग वयापेक्षा मागे असू शकतो, आणि पहिलेच पुस्तक अर्धवट सुटले तर दुसरे उचलले जात नाही.

दुसरे नाव 'किशोर' मासिकाचे. बालभारतीने ते १९७१ मध्ये सुरू केले आणि त्याचे जुने अंक आता संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. मराठीत मुलांसाठी याहून मोठा खजिना मला तरी माहीत नाही. मात्र हे अंक वाचण्यासाठी खुले आहेत, त्यांचे हक्क बालभारतीकडेच आहेत. म्हणून ते प्रोजेक्टरवर वाचून दाखवावेत, छापील प्रती काढून ग्रंथालयात नोंदवू नयेत. बालभारतीची पाठ्यपुस्तकेही पीडीएफ स्वरूपात मिळतात. धडे जुळत नसले तरी भाषेच्या पुस्तकांतले उतारे पूरक वाचनाला उत्तम आहेत.

जुन्या साहित्याचा मार्ग वेगळा आहे. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरचे वर्ष सुरू झाल्यापासून साठ वर्षे हक्क राहतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन २०११ पासून सर्वांसाठी मोकळे आहे. असे बरेच साहित्य मराठी विकिस्रोतावर टंकित स्वरूपात सापडते आणि ते मोठ्या अक्षरांत छापून घेता येते. पण एखाद्या प्रकाशकाच्या नव्या आवृत्तीतील चित्रे आणि प्रस्तावना यांचा हक्क स्वतंत्र असतो, तेव्हा त्या आवृत्तीची छायाप्रत काढणे वेगळे आणि मूळ मजकूर छापणे वेगळे.

नॅशनल डिजिटल लायब्ररीचा उल्लेख कोणीतरी करीलच, म्हणून सांगून ठेवतो. आयआयटी खरगपूरने उभारलेली ही व्यवस्था मोठी आहे, पण ती मुख्यतः शोधाचे साधन आहे. बराच आशय दुसऱ्या संस्थांकडे असतो आणि तिथे गेल्यावर तो उघडेलच अशी खात्री नसते. शिक्षकाने तयारीसाठी जरूर वापरावी; मुलांना तिथे सोडून देण्यात अर्थ नाही.

वाडी_विज्ञान

इंटरनेटच्या प्रश्नाविषयी लिहितो, कारण आमच्याही शाळेत तीच परिस्थिती आहे.

'किविक्स' नावाचे मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात संपूर्ण मराठी विकिपीडियाची एक फाइल घरून उतरवून पेनड्राइव्हवर आणता येते आणि शाळेच्या संगणकावर इंटरनेटशिवाय वाचता येते, शोधताही येते. मराठी विकिपीडियावरील अनेक लेख अपुरे आहेत, त्यामुळे मुलांनी प्रकल्पात उतरवण्याआधी शिक्षकाची नजर फिरणे आवश्यक आहे. त्याच्या जोडीला मराठी विश्वकोश ठेवावा. वाईच्या या प्रकल्पाचे वीसही खंड आता ऑनलाइन मोफत आहेत आणि नोंदी अधिकारी व्यक्तींनी लिहिलेल्या आहेत. फक्त एवढे ध्यानात ठेवावे की पहिला खंड १९७६ चा आहे. इतिहास, साहित्य, शास्त्रीय संकल्पना यांसाठी त्यावर निर्धास्त विसंबावे, लोकसंख्या आणि उत्पादनाचे आकडे मात्र तिथून घेऊ नयेत.

आपला विषय विज्ञान नसला तरी सहकाऱ्यांना सांगा. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाचे 'फेट' हे संकेतस्थळ २००२ पासून चालते. त्यातील प्रयोगांच्या अनेक संगणकीय प्रतिकृती (सिम्युलेशन) मराठीत उपलब्ध आहेत, आणि त्या उतरवून इंटरनेटशिवाय चालतात. विद्युतमंडल जोडून दाखवण्याची प्रतिकृती प्रोजेक्टरवर लावली की एका तासात जे होते ते फळ्यावर आकृती काढून होत नाही. अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर टाकाऊ वस्तूंपासून करायची खेळणी चित्रांसह दिलेली आहेत, मराठी पुस्तकेही पुष्कळ आहेत. तिथली मांडणी जुन्या वळणाची आहे. हवे ते पुस्तक सापडेपर्यंत थोडा धीर धरावा लागतो.

'दीक्षा' या शालेय आशयाच्या सरकारी मंचाबद्दल शिक्षकांत नाराजी दिसते, ती बरीचशी एका गोष्टीमुळे आहे. आपण मंडळ म्हणून गुजरात निवडतो आणि मग मराठी आशय शोधत बसतो. मंडळ महाराष्ट्र आणि माध्यम मराठी अशी निवड करा, ती कोणालाही करता येते. मग इयत्तेचा विचार सोडून प्रकरणाच्या नावाने शोधा. अपूर्णांक, प्रकाशसंश्लेषण, मौर्य साम्राज्य हे विषय दोन्ही राज्यांत आहेत, फक्त इयत्ता मागेपुढे असू शकते. भ्रमणध्वनीवरील ॲपमध्ये आशय आधी उतरवून ठेवता येतो.

मांडवी_निवृत्त

वरील दोन्ही सरांनी माहिती उत्तम दिली आहे, तरी माझे मत थोडे निराळे आहे. ताई, तुम्हांला आता दहा नावे मिळाली. महिन्याभरात आणखी वीस मिळतील. उपयोग होईल की नाही हे नावांच्या संख्येवर ठरणार नाही. निवड कोणी केली आणि ती कुठे नोंदवली, यावर ठरेल.

आपण बडोद्याची माणसे आहोत, म्हणून आठवण करून देतो. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला इथे आणले आणि त्यानंतर राज्यभर ग्रंथालयांचे जाळे उभे राहिले. त्यात फिरत्या ग्रंथालयांच्या लाकडी पेट्या होत्या. गावाला मोठी ग्रंथसूची पाठवून 'यातून शोधा' असे सांगितले जात नसे. जाणत्या माणसाने निवडलेल्या पुस्तकांची पेटी जात असे, ती वाचून झाली की परत येई आणि दुसरी जाई. मध्यवर्ती ग्रंथालय मांडवीजवळ आजही उभे आहे, पण पेटीमागचा विचार आपण शाळांमध्ये फारसा वापरत नाही.

म्हणून एक विषय घ्या, समजा 'पाणी'. स्टोरीविव्हरवरच्या चारपाच गोष्टी, विश्वकोशातील एखादी नोंद, दीक्षावरील एक चित्रफीत, किशोरमधील एका लेखाचा दुवा आणि तुमच्या कपाटातील दोन छापील पुस्तके एका फोल्डरमध्ये एकत्र करा. दुव्यासोबत परवाना काय आहे आणि दुवा शेवटचा कधी तपासला हेही लिहून ठेवा. अशी एक पेटी सत्राभर पुरते. एका शाळेने तीन पेट्या केल्या आणि शेजारच्या दोन शाळांनीही तेवढ्याच केल्या तर अदलाबदल करता येते.

नोंदीसाठी 'कोहा' घ्या असे कोणी सुचवील. ते उत्तम आणि मुक्त सॉफ्टवेअर आहे, परंतु सर्व्हर सांभाळणारे कोणी नसलेल्या शाळेने त्याच्या वाटेला जाऊ नये. साधी एक्सेल पुरेशी आहे. छापून शिवलेल्या गोष्टींना मात्र दाखलखारीज वहीत रीतसर क्रमांक द्या आणि इतर पुस्तकांसारखे वर्गीकरण करा. ड्यूई या ग्रंथ-वर्गीकरण पद्धतीत मराठी साहित्याचा क्रमांक ८९१.४६, लोककथांचा ३९८.२. क्रमांक नसलेले पुस्तक दुसऱ्या वर्षी रद्दीत जाते.

आणि टेलिग्रामवरील पीडीएफ गटांपासून दूर राहा. चालू मराठी लेखकांची पुस्तके तिथे राजरोस फिरतात. आपल्या भाषेत बालसाहित्य आधीच थोडे विकले जाते. शाळेनेच चोरीची प्रत ठेवली तर लिहिणाऱ्याने लिहावे कशाला?

दांडियाबाजार_शिक्षिका

तिघांचेही मनापासून आभार. पेटीची कल्पना मुख्याध्यापकांपुढे मांडते. दोन शंका उरल्या आहेत. आजच्या एखाद्या कवीची एकच कविता वर्गात शिकवण्यासाठी छायाप्रती काढून दिली तर तीही चोरी ठरते का? आणि स्टोरीविव्हरवर एखादी गोष्ट गुजरातीत किंवा हिंदीत असेल, मराठीत नसेल, तर आमच्या आठवीच्या मुलांनी तिचे भाषांतर केलेले चालेल का?

मांजलपूर_ग्रंथपाल

पहिल्याचे उत्तर : नाही. प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२ मध्ये शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने अध्यापनाच्या ओघात केलेल्या प्रतींना सूट आहे, आणि २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दिल्ली विद्यापीठाच्या छायाप्रतींच्या प्रकरणात या सुटीचा अर्थ बराच व्यापक लावला. वर्गात शिकवायच्या कवितेच्या प्रती वर्गातल्या मुलांना द्यायला हरकत नाही. तीच कविता शाळेच्या वार्षिकांकात छापायची असेल किंवा संकेतस्थळावर टाकायची असेल, तर ही सूट गृहीत धरू नका आणि कवीची परवानगी घ्या.

दुसऱ्याचे उत्तर : जरूर करा, त्या मंचावर भाषांतरासाठी सोयच दिलेली आहे. गुजराती आणि मराठी दोन्ही वाचणारी मुले आपल्याकडे वर्गावर्गांत आहेत, पुण्याच्या शाळेला हे सहजी जमणार नाही. आधी वर्गात गटागटाने कच्चे भाषांतर करून घ्या, तुम्ही ते तपासा आणि मग शाळेच्या खात्यावरून प्रसिद्ध करा. मूळ लेखक आणि चित्रकार यांची नावे तशीच राहू द्या, आणि भाषांतरकार म्हणून मुलांची पूर्ण नावे न देता इयत्ता आणि शाळा एवढेच लिहा. मुले अल्पवयीन आहेत आणि एकदा प्रसिद्ध झालेले पान पुढे कुठेकुठे उतरवले जाईल हे आपल्या हातात राहत नाही.