टेस्लाचा रुबाब उरलाय, की फक्त किंमत उरलीये?

कीसकाढू (धागाकर्ता)
१५ जुलै २०२५ ला मुंबईत बीकेसीत टेस्लाचं देशातलं पहिलं शोरूम उघडलं आणि सप्टेंबरात पहिली गाडी राज्याच्या परिवहनमंत्र्यांनी घेतली. फोटो भरपूर निघाले. माझं म्हणणं असं की मिरवायला आलेली ही वरात दहा वर्षं उशिरा पोचली.

२०१२ ची मॉडेल एस ही खरी प्रतिष्ठेची गाडी होती, कारण तसं दुसरं काही बाजारात नव्हतंच. आता आलेली मॉडेल वाय म्हणजे २०२३ साली जगात सर्वाधिक खपलेली गाडी. त्यात खास काय उरलं? इथल्या रिअर-व्हील मॉडेलची सुरुवातीची किंमत ५९.८९ लाख. शांघायच्या कारखान्यातून येणारी हीच गाडी तेव्हा चीनमध्ये २,६३,५०० युआनला, म्हणजे साधारण ३१-३२ लाखांना मिळत होती. बाकीचा बहुतेक फरक ७० टक्के सीमाशुल्क आणि त्यावरच्या जीएसटीचा. म्हणजे पार्किंगमध्ये चारचौघांना दाखवतोय ती गाडी कमी आणि कस्टमची पावती जास्त. ३०-३१ लाखांत चाकणला बनलेली, ७९ युनिटांच्या बॅटरीची महिंद्रा एक्सईव्ही ९ई मिळत असताना हा हिशेब मला तरी पटत नाही.

घोडबंदर_एक्स्प्रेस
शुल्काचा मुद्दा मान्य. पण त्या न्यायाने बाहेरून तयार येणाऱ्या प्रत्येक गाडीची इभ्रत कस्टमचीच मानावी लागेल. पोर्शेला हा प्रश्न कुणी विचारत नाही.

आता यंत्राकडे बघा. रिअर-व्हील मॉडेल वायची बॅटरी सुमारे ६० युनिटांची आणि डब्ल्यूएलटीपी (पल्ला मोजायची एक प्रमाण चाचणी) पल्ला ५०० किमी. चिनी कंपनी बीवायडीच्या सीलायन ७ ची बॅटरी ८२.५६ युनिटांची, पण त्याच चाचणीत तिचा पल्ला ४८२. वीसेक युनिटं जास्त लादूनही पल्ला कमी! मोटर, इन्व्हर्टर, हवेचा रोध, हीटपंप या सगळ्यांची ती गोळाबेरीज आहे. आणि धाग्यांवर आकडे आपटताना चाचणी कोणती तेही लिहीत चला. सीलायनचे जाहिरातीतले ५६७ किमी एनईडीसी या जुन्या युरोपीय चाचणीचे आहेत, बीएमडब्ल्यू आयएक्स१ चे ५३१ एमआयडीसी या भारतीय चाचणीचे. या दोन्ही चाचण्या डब्ल्यूएलटीपीपेक्षा मवाळ. तीन वेगळ्या मापांनी मोजलेलं दूध आहे हे.

कीसकाढू
कार्यक्षमतेला माझा नमस्कारच आहे. पण कमी युनिटं खाते म्हणून गाडी पाहून कुणी मान वळवत नाही. तो गुण वॅगनआरचा.

फेज_न्यूट्रल
तुमची मानापमानाची चर्चा चालू द्या. साठ लाख मोजून गाडी आणली आणि सोसायटीत ती चार्जच झाली नाही, तर रुबाब पहिल्याच रात्री उतरतो. नेमकं कुठे अडतं ते लिहितो.

सोबत मिळणारा वॉल कनेक्टर (भिंतीवरचा चार्जर) ११ किलोवॉटचा, म्हणजे तीन फेज, प्रत्येकी १६ अँपिअर. बहुतेक फ्लॅटना सिंगल फेज जोडणी असते. त्यावर तोच कनेक्टर ३२ अँपिअरला ७.४ किलोवॉट देतो, पण मंजूर भार आधी वाढवून घ्यावा लागतो, नाहीतर एसी आणि गिझर चालू असताना मेन पडतो. त्यापेक्षा वीज कंपनीकडून चार्जिंगसाठी वेगळं मीटर घेतलेलं बरं. सोसायटीची एनओसी लागते आणि मीटर-रूमपासून केबल कोणत्या मार्गाने जाणार ते त्या पत्रातच लिहून घ्या. भांडणं चार्जरवरून होत नाहीत, केबलच्या वाटेवरून होतात.

मीटर-रूम ते पोडियम पार्किंग ६० मीटर सहज भरतं. सिंगल फेज ३२ अँपिअरला ६ चौरस मिमी तांब्याची केबल ओढली तर जवळपास १२ व्होल्ट वाटेतच जातात, म्हणजे पाच टक्के. इमारतीत मुळातच दाब कमी असेल तर गाडी आपणहून करंट कमी करते आणि मालक म्हणतो गाडी खराब. १० चौरस मिमी टाकली की तूट सातेक व्होल्टवर येते. तीन फेजवर मात्र ६ चौरस मिमीची पाच कोर केबल पुरते.

तिसरी चूक आरसीसीबीची, म्हणजे गळती झाली की वीज तोडणाऱ्या स्विचची. दुकानात हाताला लागतो तो ‘एसी’ प्रकारचा. गाडीच्या चार्जिंगला किमान ‘ए’ प्रकारचा, ३० मिलीअँपिअरचा हवा. गळतीत डीसीचा अंश आला की ‘एसी’ प्रकारचा आंधळा होतो, पडायला हवा तेव्हा पडत नाही. आणि अर्थिंग मोजून घ्या. जुन्या इमारतीत अर्थची पट्टी रंगाखाली गंजलेली असते. कनेक्टर लाल दिवा लावून बसतो आणि सगळे कंपनीला फोन करतात.

घोडबंदर_एक्स्प्रेस
@फेज_न्यूट्रल, पूरक भर: रिअर-व्हीलची बॅटरी एलएफपी (लिथियम-लोह-फॉस्फेट) आहे. ती आठवड्यातून एकदा तरी १०० टक्के भरावी. तिच्या व्होल्टेजचा आलेख मधल्या पट्ट्यात इतका सपाट असतो की पूर्ण भरल्याशिवाय गाडीला स्वतःचा टक्का नीट कळत नाही. लाँग रेंज मॉडेलची निकेलवाली; ती रोज ८० वर थांबवायची. एकाचं पथ्य दुसऱ्याला लावू नका.

ढोलताशा
नंबरप्लेट तर हिरवीच ना? टियागो ईव्हीचीपण हिरवीच. 😀

भाव_पडला
माझ्या मते रुबाब गेला तो फेरविक्रीच्या बाजारात. जानेवारी २०२३ मध्ये टेस्लाने अमेरिकेत किमती एका फटक्यात कापल्या, काही मॉडेलांवर २० टक्क्यांपर्यंत. आदल्या महिन्यात पूर्ण किंमत देणारा मूर्ख ठरला आणि जुन्या गाड्यांचे भाव कोसळले. त्याआधी हर्ट्झ या भाड्याच्या गाड्यांच्या कंपनीने २०२१ मध्ये एक लाख टेस्लांची घोषणा केली होती. जानेवारी २०२४ मध्ये तीच कंपनी २०,००० इलेक्ट्रिक गाड्या विकायला निघाली. विमानतळावर भाड्याने मिळणारी गाडी मानाची राहत नाही, हा साधा नियम आहे.

वर कंपनीचे प्रमुख इलॉन मस्क यांचं राजकारण. २०२५ च्या सुरुवातीला मस्क अमेरिकी सरकारात वावरत होते, तेव्हा शोरूमांबाहेर निदर्शनं झाली. ‘ही गाडी मी त्याचं डोकं फिरण्याआधी घेतली’ अशा अर्थाचे स्टिकर लोकांनी स्वतःच्याच गाडीवर लावले. ज्या गाडीबद्दल मालकाला माफीनामा चिकटवावा लागतो तिला प्रतिष्ठा कसली? जर्मनीत त्या वर्षी नोंदणी आदल्या वर्षाच्या निम्म्यावर आली. जगभरच्या निव्वळ बॅटरी गाड्यांत २०२५ साली बीवायडी पुढे गेली.

घोडबंदर_एक्स्प्रेस
आणि नॉर्वे? जिथे नव्या गाड्यांत इलेक्ट्रिकच भरमसाट, पर्याय हवे तितके, तिथे २०२५ ला पहिला नंबर टेस्लाचाच. जर्मनीचा आकडा सांगायचा आणि नॉर्वे गाळायचा हे बरोबर नाही.

भाव_पडला
नॉर्वेत टेस्ला म्हणजे तिथली मारुती. खप आणि मान यांत गल्लत करताय. धागा मानाचा आहे.

घोडबंदर_एक्स्प्रेस
मग आपल्याकडे उलटा न्याय लावा. इथे खप काही शेकड्यांत, म्हणजे दुर्मिळ, म्हणजे मान! तुमचंच गणित.

खटका
दोन गोष्टी कुणीच लिहिल्या नाहीत.

पहिली, दारं. वीज गेल्यावर दार उघडायचा यांत्रिक खटका पुढे खिडकीच्या बटणांजवळ आहे, मागे मात्र तो दाराच्या खणात तळाशी. मागे बसणाऱ्या आजी-आजोबांना तो आधी दाखवून ठेवा, अपघातात शोधायला वेळ नसतो. २०२१ च्या मॉडेल वायमध्ये दारांना वीज देणारी लहान बॅटरी मंदावल्यावर बाहेरून दारं न उघडल्याच्या तक्रारींवर अमेरिकेत चौकशी लागली आणि चीनने लपलेल्या हँडलांवर २०२७ पासून नियम कडक केलेत. जी फॅशन मानाची म्हणून सगळ्यांनी उचलली, तीच आता कायद्याने मागे घ्यावी लागतेय.

दुसरी, आपल्याकडे साठ लाखांच्या गाडीचा मालक बऱ्याचदा मागे बसतो. मागची सीट विजेवर कलते, आठ इंची पडदा आहे, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २,८९० मिमी. आयएक्स१ लाँग व्हीलबेसचा २,८००, आणि ती चेन्नईत बनते म्हणून दहा-अकरा लाखांनी स्वस्त. जागेत टेस्ला जिंकते. पण काचेचं छत उघडत नाही आणि त्याला ओढायचा पडदाही नाही. मे महिन्यात दुपारी तासभर उन्हात उभी राहिली की काच आतून हाताला तापलेली लागते. जाळीचा सनशेड वेगळा घ्या.

कीसकाढू
आणि गियर?

खटका
गियरला दांडा नाही. पडद्यावर बोट वर सरकवलं की पुढे, खाली सरकवलं की मागे. पडदा गेलाच तर डोक्यावरच्या दिव्यांजवळ पर्यायी बटणं आहेत. लग्नाच्या हॉलवर व्हॅले पार्किंगवाल्या पोराला हे माहीत नसतं. कार्ड-किल्ली त्याच्या हातात देण्याआधी पडद्यावर व्हॅले मोड लावा, म्हणजे वेगावर मर्यादा येते आणि पुढची डिकी व ग्लोव्हबॉक्स बंद राहतात. मग दोन मिनिटं उभं राहून गियर कसा टाकायचा ते त्याला शिकवा.

ढोलताशा
मागे पन्नास गाड्यांची रांग, सगळे हॉर्न मारतायत आणि शेरवानीतला मालक पोराला बोट कसं फिरवायचं ते दाखवतोय. बघायला तरी सगळे थांबतील. 😀