मोदक फॉन्ट नक्की कुठे वापरावा

एका पत्रकाबद्दल तक्रार आली आहे, की ‘मोदक’ या अतिजाड देवनागरी फॉन्टमधल्या बारीक ओळी छापल्यावर काळे डाग दिसतात. ती खरी आहे. पण दोष फॉन्टचा नाही, तो लहान आकारात वापरण्याचा आहे. ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या गटाने तो मथळ्यांसाठी केला आहे.

देवनागरी इतकी जाड करणं फार कठीण काम आहे. शिरोरेषेवर वेलांटी आणि मात्रा, खाली उकार, मध्ये जोडाक्षरं. रेघ जाडावत गेली की ‘ब’, ‘भ’, ‘क’ यांच्या पोटातली पोकळी सगळ्यात आधी बुजते. मोदकमध्ये ती पोकळी जेमतेम चिरेएवढी उरते, तरी अक्षर ओळखू येतं. मला हे कौशल्य थोर वाटतं! मात्र १२ पॉइंटला, म्हणजे साध्या मजकुराच्या आकाराला, त्यातही शाई शोषणाऱ्या स्वस्त कागदावर, ती चीर भरणारच.

अक्षरांना त्याच रंगाची आउटलाइन (कडेची रेघ) द्या, असा सल्ला कोणी दिला तर कृपया मानू नका. आउटलाइन आतल्या बाजूलाही वाढते आणि उरलीसुरली फट जाते. बोल्डचं बटणही दाबू नका. मोदकला एकच वजन (जाडीचा प्रकार) आहे, सॉफ्टवेअर नुसतं खोटं जाडपण चढवतं. आडवं ताणलं तर फक्त उभ्या रेघा सुजतात.

बालनाट्याचं पोस्टर, मिठाईचा खोका, मंडळाचा फ्लेक्स, तिथे दोन-तीन शब्द मोठे लावा. पत्रकातल्या मजकुराला ‘एक टाइप’चाच ‘मुक्त’ हा फॉन्ट घ्या, त्यात सात वजनं मिळतात. दोन्ही फॉन्ट मोफत आणि मुक्त परवान्याचे आहेत.