आठवीच्या पोरांना पक्षीगणनेत कसं ओढू?

माणदेशी_बाई:
माण तालुक्यातली शाळा, आठवीचा वर्ग, 34 पोरं, फोन एकच, तोही माझा. गेल्या वर्षी 'पक्ष्यांचे फोटो आणा' म्हटलं. ज्यांच्या घरी बरा फोन होता ती दोघं-तिघं टिकली. एकाने तर नेटवरचा रोहित पक्ष्याचा (फ्लेमिंगो) फोटो उतरवून 'आमच्या विहिरीवर दिसला' म्हणून दाखवला. येत्या फेब्रुवारीत चार दिवसांची ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट आहे, त्यात पोरांना घ्यायचंय. मला स्वतःला दहा-बारा पक्षीच ओळखता येतात. जमेल का?

सातारकर_निवृत्त:
बाई, फोटो विसरा. वही आणि पेन्सिल पुरे. पाच-पाच जणांचे गट करा, एक जागा धरा आणि 15 मिनिटं मोजा. लिहिणारा एकच ठेवा. जागा, सुरुवातीची वेळ, किती मिनिटं हे टिपून घ्या, संध्याकाळी ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदींच्या वेबसाइटवर, तुम्ही भरा.

'कावळा काय लिहायचा!' असं पोरं म्हणतील. लिहायचाच. यादी भरताना शेवटी विचारतात, ओळखलेले सगळे पक्षी दिलेत का? तिथे 'हो' म्हणता आलं, तर यादीत चिमणी नसणं हीसुद्धा माहिती होते. न ओळखलेला सोडून द्या, त्याने यादी अपुरी ठरत नाही.

माझीच फजिती सांगतो. पहिल्या वर्षी मी 40 तांबट लिहिले. याद्या तपासणाऱ्या स्वयंसेवकाने नम्रपणे विचारलं, पक्षी मोजलेत की हाका? हाकाच मोजल्या होत्या! उन्हात एकच तांबट टुकटुक करत बसला असणार. बँकेत आयुष्यभर बेरजा केल्या आणि इथे चुकलो.

बहावा:
पक्षी उडून जातात, झाड जात नाही. सीझनवॉच हा झाडांच्या नोंदी ठेवायचा उपक्रम बघा. झाड ठरवायचं आणि दर आठवड्याला त्याच झाडाची पानं, फुलं, फळं 'नाही, थोडी, खूप' अशी नोंदवायची. केरळातल्या कितीतरी शाळा हे करतात; तिथे विशूच्या सणाला बहाव्याची फुलं लागतात, त्यामुळे तो आधीच फुलला तर लगेच लक्षात येतं. तुमच्याकडे बाभूळ, लिंब, चिंच असेलच. फक्त मोहोर आला की पळत जाऊन लिहायचं, असं नको. रिकामा आठवडाही लिहायचा.

कोपऱ्यातला:
बक्षीस ठेवू नका, आकडे फुगतात. घरट्यापाशी तर नेऊच नका.

माणदेशी_बाई:
आज हापशाजवळ करून पाहिलं. साळुंकी 9, कावळे 4, वेडा राघू 2, होला 3. एवढ्यात शेजारच्या ज्वारीवर भोरड्यांचा थवा उतरला आणि अख्ख्या गटाने सवयीने 'हाऽऽऽ' करून तो उठवला! पोरं सुट्टीत राखणीला जातात, त्यांचा तरी काय दोष. मोजायचं राहिलंच. एवढा थवा मोजतात तरी कसा?

सातारकर_निवृत्त:
आधी दहा मोजा. ते दहा थव्यात केवढी जागा घेतात ते डोळ्यांत धरा आणि तेवढे तुकडे पाडत जा. थवा फार मोठा असेल तर शंभराचा तुकडा. अंदाज चालतो, आकडा मात्र टाका. आणि बाई, पंधरा मिनिटं तरी गोफणी दप्तरात राहू द्या.