पोर्ट लुईला एकच दिवस मिळतोय, काय काय बघावं?

अनुजा_ठाणे
नमस्कार मंडळी, पुढच्या महिन्यात मॉरिशसला चाललोय, मी, नवरा, नऊ वर्षांचा मुलगा आणि माझी आई. टूरवाल्याने सगळे दिवस समुद्र, बोटी आणि शॉपिंगने भरून टाकलेत, भांडून एक दिवस मोकळा ठेवून घेतलाय आणि तो मला राजधानीला द्यायचाय. कारण असं की आईच्या आजोबांचे एक चुलते रत्नागिरीकडून मुंबईला आले, तिथून जहाजाने मॉरिशसला गेले आणि पुढे त्यांचं काय झालं ते घरात कुणालाच कळलं नाही. आई लहानपणापासून हे ऐकत आलीये. तिचे गुडघे दुखतात, चढ जमत नाही. मुलाला डोडो, तो नामशेष झालेला पक्षी, बघायचाय, बाकी कशाशी त्याला देणंघेणं नाही. कुठल्या जागेला किती वेळ ठेवू?

सह्यकडा
ताई, बाकी काही राहिलं तरी चालेल पण आप्रवासी घाट चुकवू नका, आणि सकाळी सगळ्यात आधी तिथेच जा. बंदराला लागून आहे, तिकीट नाही, चढही नाही. भारतातून जहाजाने आलेले मजूर आधी इथेच उतरवून घ्यायचे, १८४९ मध्ये इंग्रजांनी हा डेपो बांधायला घेतला. गुलामी बंद झाली, उसाच्या मळ्यांना माणसं हवी होती, म्हणून १८३४ पासून करारावर मजूर आणायला लागले आणि १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसं भारतातून आली. मुंबई बंदरातूनही आली, त्यात आपली कोकणातली होती. २००६ पासून हा जागतिक वारसा आहे. खरं सांगायचं तर जागा छोटी आहे, डेपोचा बराच भाग नंतर रस्ता वगैरे करताना गेला, त्यामुळे काही लोक पंधरा मिनिटांत फोटो काढून बाहेर पडतात. तसं करू नका. धक्क्यावरून वर येणाऱ्या काळ्या दगडाच्या पायऱ्या आहेत, बोटीतून उतरलेला माणूस त्या चढूनच आत यायचा. शेजारी दवाखान्याच्या खोल्या, मजुरांना ठेवायच्या शेड, संडासांचे अवशेष. आधी माहिती केंद्र बघा, मग बाहेर या, म्हणजे कुठला दगड कशाचा ते कळतं. आईंना निवांत बसू द्या तिथे. दीड-दोन तास धरा.
गुलामीच्या इतिहासाचं म्युझियमही तिथून जवळच आहे, जुन्या लष्करी हॉस्पिटलच्या इमारतीत. मजूर का आणावे लागले ते त्याच्याशिवाय अर्धंच समजतं, म्हणून वेळ असेल तर तेही कराच.

भटक्या_७
वरच्यांशी सहमत, पण पोराचाही दिवस आहे तो! नॅचरल हिस्टरी म्युझियम गावातच आहे, कंपनी गार्डनला लागून, जुनी देखणी इमारत. तिथला डोडोचा सांगाडा बघताना मुलाला हे नक्की सांगा की जगातल्या इतर म्युझियममधले बहुतेक सांगाडे वेगवेगळ्या पक्ष्यांची हाडं जुळवून उभे केलेत, हा मात्र एकाच पक्ष्याचा आहे, आणि साधारण १९०४ च्या सुमारास तो शोधला एतिएन थिरिऊ नावाच्या माणसाने, जो पेशाने न्हावी होता! माझी भाची त्या काचेसमोरून हलेना. बाकी म्युझियम जुन्या पद्धतीचं आहे, तासाभरात होतं.
कोदां वॉटरफ्रंटवरचं ब्लू पेनी म्युझियमही घ्या. १८४७ ची एक पेनीची केशरी आणि दोन पेन्सची निळी टपाल तिकिटं तिथे आहेत, जगात मोजकीच उरलीत. उजेडाने रंग उडू नये म्हणून अस्सल तिकिटांवरचा दिवा दर तासाला फक्त दहाएक मिनिटं लावतात, एरवी नकला दिसतात. आत शिरताना काउंटरवर विचारून घ्या दिवा कधी लागणार आणि त्या वेळेला बरोबर तिथे उभे राहा, नाहीतर तिकीट काढून नकला बघून याल.
फोर्ट अ‍ॅडलेड वरून शहर, बंदर आणि १८१२ पासूनचं घोड्यांच्या शर्यतीचं मैदान छान दिसतं, पण टेकडीवर आहे, आईंना टॅक्सीनेच न्या किंवा सोडून द्या.

मोकावाली
मी इथेच राहते म्हणून थोडं लिहिते. अनुजाताई, आईंच्या आजोबांच्या चुलत्यांचा शोध घ्यायचा असेल तर घाटावर फक्त सुरुवात होते. मजुरांच्या नोंदवह्या मोकाला महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये ठेवल्यात, पोर्ट लुईपासून लांब नाही. प्रत्येकाला नंबर दिलेला असायचा, आणि नाव, बापाचं नाव, वय, गाव, जहाज, कुठल्या मळ्यावर पाठवलं हे लिहिलेलं असायचं, अंगावरच्या खुणासुद्धा. १८६० च्या दशकापासून पुढच्या काहींचे फोटोही आहेत. मात्र नावं इंग्रज कारकुनाने कानाला जशी ऐकू आली तशी लिहिलेली, त्यामुळे आडनावावर विसंबू नका, गाव आणि बापाचं नाव जास्त कामाला येतं. येण्याआधी ईमेल करून विचारा, आयत्या वेळी जाऊन काम होणार नाही. इथे मराठी घरं बरीच आहेत, गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते, आईंना सांगा, बरं वाटेल त्यांना.
आणि रविवारी अजिबात येऊ नका, आप्रवासी घाट आणि ब्लू पेनी दोन्ही बंद असतात. शनिवारी घाट दुपारीच बंद होतो.

अनुजा_ठाणे
किती छान माहिती दिलीत सगळ्यांनी! मोकावाली, आईला तुमचं वाचून दाखवलं, तिने लगेच मामाला फोन लावला, त्याच्याकडे वंशावळीची वही आहे, त्यात बापाचं नाव मिळेल. आमचा मोकळा दिवस नेमका रविवार होता, टूरवाल्याला आत्ताच सांगून मंगळवार करून घेतला. सकाळी घाट, मग डोडो, दुपारी तिकिटं, असं जमेल ना? आणि मधे जेवायचं कुठे?

मोकावाली
आरामात जमेल. जेवायला घाटावरून निघालात की सेंट्रल मार्केट, दालपुरी खा, डाळीचं सारण भरलेली, आत रस्सा नि चटणी घालून गुंडाळून देतात. मुलासाठी तिखट कमी घालायला सांगा. अकराच्या आधी गेलात तर गर्दी कमी असते. वहीतलं नाव मिळालं की इथेच लिहा, ईमेलचा मसुदा करायला मदत करते.